पोथीवरचा हरताळ

वाचकाचं पत्र

मावशी, बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आणि वर्षभरात एका ‘परिवारा’त जाऊ लागले. आधी आम्हाला बरंच वाटलं, माणसांत राहतात म्हणून. बैठकीच्या दिवशी गाड्या लावून घ्यायची सेवा त्यांच्याकडे आहे, त्यात ते खूश असतात. परिवाराचे महाराज हयात आहेत. त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ आहे. तो कुणी लिहिलेला नाही, एका रात्रीत अवतरला आणि त्यातलं अक्षरही कधी बदललं नाही, असं सांगतात. दोन महिन्यांपूर्वी बाबांनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. आता राहता फ्लॅट परिवाराच्या ट्रस्टला बक्षीसपत्राने द्यायचा म्हणतात. आई रडत असते. मी तो ग्रंथ वाचला. काही ओव्या सरळ ज्ञानेश्वरीतल्या आहेत, शब्द इकडेतिकडे केलेले. बाबांकडच्या जुन्या आवृत्तीत जगबुडीचं साल सांगणारा एक अध्याय आहे. ते साल येऊन गेलं. नव्या आवृत्तीत तो अध्यायच नाही. दोन्ही पुस्तकं बाबांसमोर उघडून ठेवली, तर ते ताटावरून उठून गेले. दोन दिवस बोलले नाहीत. त्या रात्री माझ्याच मनात आलं, हा ग्रंथ माणसाने लिहिला, तर आजी वाचायची ती ज्ञानेश्वरी तरी कुठून आली? असं मनात आलं म्हणून फार अपराधी वाटतंय. काय करू?
– एक मुलगी, नाशिक

प्रिय मुली,

आधी गोळ्यांचं. ते झाल्यावर बाकीचं पत्र वाच.

दोन महिने गोळ्या बंद म्हणजे रक्तातली साखर कुठे गेली असेल, सांगता येत नाही. त्यांना बरं वाटतंय यावर जाऊ नकोस, साखर वाढलेली बरेच दिवस कळत नाही. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी करा. महाराजांचं नावही काढू नकोस. ‘बाबा, तुमची काळजी वाटते, माझ्यासाठी एकदा रक्त द्या,’ एवढंच म्हण. घरचे जुने डॉक्टर असतील तर त्यांना आधी सगळं सांगून ठेव, गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते त्यांनीच ठरवू दे. आमटीत गोळी कुटून घालायचा विचार चुकूनही करू नका. डोस चुकेल, आणि कळलं तर घरातल्या अन्नावरचाही विश्वास जाईल. सतत तहान, सारखी लघवी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर वाद न घालता थेट दवाखान्यात न्या.

आता फ्लॅट. तो बाबांच्या एकट्याच्या नावावर आणि त्यांच्या कमाईतून घेतलेला असेल तर द्यायचा हक्क त्यांना आहे, हे आधी मान्य करायला हवं. आईचं नाव असेल तर तिचा हिस्सा ते देऊ शकत नाहीत. करारनामा काढून बघ. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं, आणि एकदा ते झालं की ‘मला आता नको’ म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्राचं तसं नाही. ते माणूस हयात असेपर्यंत कितीदाही बदलू शकतो. म्हणून बाबांना ‘देऊ नका’ म्हणण्यापेक्षा असं म्हणून बघ: ‘द्यायचाच असेल तर मृत्युपत्रात लिहा. तुम्ही दोघं आहात तोवर डोक्यावर छप्पर राहील.’ यात त्यांच्या श्रद्धेला धक्का नाही. आणि परिवाराकडून ‘नाही, आत्ताच हवं’ असं उत्तर आलं, तर ते बाबांच्या कानांनी बाबांनाच ऐकू येईल.

गुरूच्या शब्दावर शिष्याने सगळं लिहून देणं न्यायालयांना नवीन नाही. १८९० साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. परलोकी आत्म्याचं कल्याण होईल म्हणून एका शिष्याने आपली सारी मालमत्ता गुरूच्या नावे केली होती. न्यायालयाने तो अनुचित प्रभाव धरला. करार कायद्याच्या कलम १६ मध्ये तो शब्द आहे, आणि वकिलीच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण आजही शिकवतात. तरी कोर्टाची पायरी शेवटची. आत्ता फक्त एका वकिलाला कागद दाखवून ठेव.

या दोन गोष्टी मार्गी लागल्या की बाबांकडे वळू.

तू दोन आवृत्त्या शेजारी उघडून ठेवल्यास. पुरावा पक्का होता. मग ते ताटावरून का उठले? तू त्यांना पुस्तकातली चूक दाखवत होतीस. त्यांना दिसली ती स्वतःची चूक: निवृत्तीनंतरची वर्षं, पहाटेची सेवा, लोकांना दिलेले सल्ले, तोडलेली नाती. एवढं सगळं एका जेवणाच्या वेळेत कुणाच्यानेही गिळवत नाही. त्यातून तू लेक, आणि समोर आई बसलेली.

तुझ्या पत्रातलं गाड्या लावण्याबद्दलचं वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. वाहतूक नियंत्रक म्हणजे स्टँडवरच्या केबिनमधला तो माणूस, ज्याच्याकडे दर दोन मिनिटांनी कुणीतरी येऊन विचारतं, ‘साहेब, शिर्डी लागली का?’ तीस वर्षं लोकांनी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. मग एक दिवस शाल-श्रीफळ मिळालं आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी काही विचारेना. परिवाराने त्यांना पुन्हा एक मैदान दिलं, शिट्टी दिली, आणि ‘काका, गाडी कुठे लावू?’ विचारणारी माणसं दिली. त्यांना आधी ही विचारपूस मिळाली, ग्रंथ त्यानंतर आला. अशा मंडळींत जाणारी बहुतेक माणसं अशीच जातात, कुणी आजारपणात, कुणी वैधव्यात, कुणी नोकरी सुटल्यावर. पहिले काही महिने कौतुकाचे असतात. मग हळूहळू वेळ, मग पैसा, मग ‘घरचे निंदा करतात, ती ऐकू नये’ अशी शिकवण. घरच्यांनी वाद घातला की ती शिकवण खरी ठरते. तुझ्या त्या रात्रीच्या वादाने नेमकं हेच झालं असेल. यात तुझा दोष काढत नाही, पण पुढचं पाऊल टाकताना एवढं लक्षात ठेव.

घर देऊन टाकणं या क्रमात का येतं, तेही सांगते. जिम जोन्स नावाच्या अमेरिकन पंथप्रमुखाच्या मागे कॅलिफोर्नियातून गयानाच्या जंगलात गेलेल्या माणसांनी आधी घरं आणि पगार दिले होते, मग पासपोर्ट दिले. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी तिथे नऊशेहून अधिक माणसं मेली, त्यांत सुमारे एक तृतीयांश मुलं होती. बाबांचा परिवार तसा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण परतायला घर उरलं नाही की माणसाचं ‘मला पटत नाही’ म्हणणं फार महाग होतं, आणि हे सगळीकडे सारखंच असतं. म्हणून मी फ्लॅटवर एवढा जोर दिला.

आता तुझा तो रात्रीचा प्रश्न. त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीही नाही. किंबहुना आपल्या परंपरेतल्या फार मोठ्या माणसांनी तो विचारला आहे.

माझ्या माहेरी एक हस्तलिखित पोथी होती, पणजोबांच्याही आधी कुणीतरी उतरून घेतलेली. लाल रुमालात बांधलेली, वर-खाली लाकडी फळ्या. लहानपणी मी ती सोवळ्यात लांबूनच पाहिली. मोठेपणी प्रथम हातात घेतली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. काही ओळींवर पिवळा लेप होता आणि त्यावर नवी अक्षरं. तो हरताळ. लिहिताना चुकलं की लेखनिक त्यावर हरताळाची पिवळी पूड कालवून फासायचे आणि वर बरोबर अक्षर काढायचे. आपण ‘हरताळ फासला’ म्हणतो ते तिथून आलं. आणि शेवटच्या पानावर पोथी उतरणाऱ्याचे दोन संस्कृत श्लोक होते. पुढे कळलं की असे श्लोक शेकडो पोथ्यांच्या शेवटी असतात. एकात तो म्हणतो, जसं पुस्तक समोर होतं तसं मी लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नका. दुसऱ्यात म्हणतो, पाठ मोडली, कंबर मोडली, मान मोडली, नजर खिळवून, खाली मान घालून कष्टाने हे लिहिलंय, जपून ठेवा.

मी त्या पानावर कितीतरी वेळ हात ठेवून बसले होते. ज्या पोथीला आम्ही शिवत नव्हतो, तिच्यात एका माणसाची दुखरी कंबर होती. तिची पवित्रता मला त्या दिवशी अधिक कळली, कमी नाही.

ज्ञानेश्वरीचं तर विचारूच नकोस. तिने आपला पत्ता स्वतःच दिला आहे. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेव सांगतात, महाराष्ट्रमंडळात, गोदावरीच्या काठी, म्हाळसेच्या क्षेत्रात, रामचंद्र यादव राज्य करत असताना हे झालं. गुरूचं नाव आहे, गुरूच्या गुरूचं आहे. आणि अगदी शेवटी:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. कुणी सांगितलं, कुणी लिहून घेतलं, कुठे, कधी, सगळं आलं. ‘टीका केली’ असा शब्द आहे. एका रात्रीत अवतरल्याचा दावा तिथे शोधून सापडणार नाही.

पुढे तीनशे वर्षांत नकला होत गेल्या आणि पाठ बिघडले. ते कुणी सांगितलं? एकनाथांनी. नाथांहून मोठा भक्त कुठून आणायचा? पण त्यांनी ‘अक्षरही बदललं नाही’ असं म्हटलं नाही. प्रती गोळा केल्या, पाठ ताडून पाहिले आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ अतिशुद्धच, पण ‘पाठांतरीं शुद्ध अबद्ध’ झाला होता म्हणून शोधला, असं त्यांनी ओवीत लिहून ठेवलं. यापुढे यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखी होईल, असंही बजावलं. एवढं बजावावं लागलं, कारण लोक ओव्या घालत होते. तुझ्या त्या ‘अवतरलेल्या’ ग्रंथात ज्ञानेश्वरीच्या ओव्या शब्द बदलून आल्या आहेत, हे तुझ्या डोळ्यांना खटकलं ना? मग नाथांनी केलं तेच काम तू केलंस. त्याला कुणी निंदा म्हणत असेल, तर नाथांनाही निंदक म्हणावं लागेल.

महानुभाव पंथाचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, सुमारे १२७८ मध्ये, ऋद्धिपूरला. कसं लिहिलं? स्वामींना ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन विचारत. स्वामी तेव्हा कुठे बसले होते, कोण समोर होतं, काय म्हणाले. मूळ ग्रंथ नंतर धामधुमीत हरवला, तेव्हा शिष्यांनी आठवणीतून पुन्हा उभा केला. आठवणी जुळल्या नाहीत तिथे त्यांनी एक निवडून बाकीच्या दडपल्या नाहीत. एकाची आठवण अशी, दुसऱ्याची अशी, असे पाठभेद नोंदवून ठेवले. ‘वासना’ असा सुंदर शब्द आहे त्यांच्याकडे त्यासाठी. ज्यांना ते ईश्वर मानत होते त्यांच्याबद्दल लिहिताना ही माणसं ‘इथे दोन मतं आहेत’ असं लिहीत होती! मला या प्रामाणिकपणाचं फार मोल वाटतं.

वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे कुणा माणसाने केलेले नाहीत, असं बाबा म्हणतील. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तसं मांडलं आहे खरं. पण त्याच परंपरेतल्या अनुक्रमणीत, म्हणजे सूक्तांच्या जुन्या सूचीत, ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताला ऋषीचं नाव आहे, घोषा आणि अपाला या स्त्रियांचीही. आणि जोतीराव फुल्यांनी तर ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त स्पष्टच म्हटलं की धर्मपुस्तकं मानवांनी केली आहेत आणि आरंभापासून शेवटपर्यंत सारखं सत्य त्यांपैकी एकातही नाही. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ते छापलं गेलं. त्यांचा देवावर, निर्मिकावर विश्वास होताच.

अजून एकच उदाहरण देते, पुण्यातलं. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या १२५९ हस्तलिखितांचा उपयोग त्यात झाला. एका कागदावर वर एक श्लोक, अक्षर सुटं सुटं करून मांडलेला, आणि खाली प्रत्येक पोथीत त्या जागी काय आहे त्याच्या ओळी. असे कागद वर्षानुवर्षं भरत राहिले. विष्णु सुखटणकरांनी या कामात आयुष्य घातलं, ते १९४३ मध्ये गेले, आवृत्ती पूर्ण झाली १९६६ मध्ये. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहून घ्यावं, ही आपली सगळ्यांची लाडकी गोष्ट जुन्या पोथ्यांच्या कसोटीवर टिकली नाही, म्हणून परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णाचा धावाही मूळ पाठातून बाहेर ठेवावा लागला. हे काम करणाऱ्यांत पूजाअर्चा करणारे शास्त्री होते. गणपतीची गोष्ट नातवंडांना सांगायचं कुणी थांबवलं नाही.

म्हणून दोन गोष्टींत गल्लत करू नकोस. ग्रंथ माणसाने लिहिला, यात त्याची अप्रतिष्ठा नाही. पण माणसाने लिहिलेला लपवायचं, चुकलेला अध्याय गुपचूप काढायचा आणि वर ‘अक्षर बदललं नाही’ म्हणायचं, यात फसवणूक आहे. जुने लेखनिकही चुकत होते, पण त्यांचा हरताळ पिवळा असायचा, दुरून दिसायचा. परिवाराने लावलेला दिसू नये असा लावला आहे.

तरीही ही वाक्यं बाबांना ऐकवू नकोस. मी तुझ्यासाठी लिहिली आहेत, तुझं मन स्वच्छ व्हावं म्हणून.

बाबांना प्रश्न विचार, पण खरंच उत्तर हवं असलेले. ‘तुम्हाला पहिल्यांदा तिथे कुणी नेलं? त्या दिवशी कसं वाटलं?’ आणि ऐक. मध्ये बोलू नकोस. कुठल्याशा बैठकीला त्यांच्यासोबत जाऊनही ये, ते काम कसं करतात बघ, चांगलं करत असतील तर तसं सांग. महिना-दोन महिन्यांनी, ते तुझ्याशी पुन्हा मोकळे झाले की एखादा साधा प्रश्न: ‘परिवारात एखादी गोष्ट पटली नाही तर कुणाला विचारता? सोडून गेलेल्यांशी तुम्ही बोलता का? ट्रस्टचे हिशोब कधी वाचून दाखवतात?’ उत्तर लगेच मागू नकोस. ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर त्याचे हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. तू स्वतः तिथे चौकशी करू शकतेस. वारीला जाणारी कितीतरी माणसं आपल्या ओळखीची आहेत. माळ स्वतःहून घालतात, दिंडी झाली की घरी येतात, घरात कुणी नास्तिक असला तरी त्याच्यासोबत जेवतात. बाबांना ही तुलना सुचवायचीही गरज नाही. एखाद्या वारकरी स्नेह्याला घरी जेवायला बोलाव, पुष्कळ होईल.

कायद्याचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, आणि त्यासाठी पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी असतो. पण हा कायदा अनुसूचीत दिलेल्या ठरावीक कृत्यांपुरताच आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं त्यात येतं. कीर्तन, पारायण, यात्रा येत नाहीत, आणि नुसती श्रद्धाही येत नाही. बाबांचं आज जे चाललंय ते त्यात बसेलच असं नाही. महाराजांनी ‘गोळ्या बंद कर’ असं सांगितलं का, चमत्काराने बरं करतो म्हणून पैसे घेतले का, हे मात्र तारखेसह लिहून ठेव. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांच्यापाशी अशी कितीतरी घरं मन मोकळं करून गेली आहेत. त्यांच्याशी बोल. एकटीने सोसू नकोस. आणि आईला कुठेतरी बाहेर ने, चार तास तरी हा विषय नको.

दोन्ही आवृत्त्या जपून ठेव. आज त्या दाखवून उपयोग झाला नाही, म्हणून फेकू नकोस. कधीतरी रात्री बाबा स्वतः उठून ते पान शोधतील, तेव्हा ते घरात असायला हवं. आणि ते शोधत असताना तू दिसलीस तर काही बोलू नकोस, चहा टाक.

आजीची ज्ञानेश्वरी घरात असेल ना? ती कपाटातून काढ. स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या माणसाचा आवाज खणखणीत असणार. एखाद्या संध्याकाळी त्यांना म्हण, ‘बाबा, अठरावा अध्याय शेवटाकडून वाचून दाखवा ना, मला आजीची आठवण येतेय.’ सच्चिदानंदबाबांचं नाव येईल तिथपर्यंत त्यांना वाचू दे.

तुझी,
मावशी